शांताचा धाकटा भाऊ

"मागच्या दारानं घेऊ या अक्का, पुढं पाहुण्यांच्या गाड्या लागणारेत," सुकन्या म्हणाली आणि तिनंच टेम्पोच्या फाळक्याची खिट्टी ओढली.

जगदेवी ड्रायव्हरशेजारच्या सीटवरून उतरली, पण लगेच पातेल्यांकडं वळली नाही. कमरेवर हात ठेवून तिनं शिक्षणशास्त्र विभागाची दुमजली इमारत खालपासून वरपर्यंत पाहिली. लातूरहून नांदेडपर्यंतचा प्रवास तिनं मांडीवर चटणीचा डबा धरून केला होता. अंगावर लाल काठाची हिरवी इरकल होती आणि ती आज पहिल्यांदाच नेसलेली आहे हे दुरूनही कळत होतं.

"हितं बसून लिव्हलंस व्हय गं एवढं मोठं पुस्तक?"

"इथं नाही अक्का. घरी, लायब्ररीत, जागा मिळेल तिथं."

"मेसच्या पोरींना सांगून आले मी, आज माझी बहीण डॉक्टर होऊन राहिली म्हणून. तर येक पोरगी इचारती, अक्का, एमबीबीएस का बीडीएस?" जगदेवी हसली. "म्हणलं, तुमच्या डॉक्टरापेक्षा मोठी. डॉक्टराला शिकवणाऱ्याला शिकवणारी."

टेम्पोवाला खाजाभाईही हसला. तो जगदेवीच्या शेजारचा. रोज पहाटे बाजारातून तिच्या मेसची भाजी आणून द्यायचा. लातुरात कोचिंग क्लासेसच्या गल्लीत जगदेवी आणि तिचा नवरा व्यंकटी मेस चालवत. बीड, परभणी, पार यवतमाळपासून आलेल्या पोरी दोन वर्षं तिच्या हातचं जेवून नीटची परीक्षा देत आणि निघून जात. त्या तिला अक्का म्हणत. खरं तर त्या नावानं हाक मारायचा हक्क सुकन्याचा, पण आता निम्मं लातूर तिला त्याच नावानं ओळखत होतं.

पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेनंतर परीक्षकांना आणि आलेल्या लोकांना विद्यार्थ्यानं जेवण द्यायचं, ही विभागातली पद्धत. नियमात कुठं नाही, पण चुकवत कुणी नाही. सुकन्यानं हॉटेलात सांगायचं ठरवलं होतं. जगदेवीनं फोनवरच तिला झापलं होतं, "रोज परक्याच्या पोरींना वाढते, आन् माझ्या बहिणीच्या कार्याला हाटेलातलं?" सुकन्यानं हॉटेलचा बेत सोडला. मात्र गाईडना, शेवाळे सरांना, तिनं एवढंच सांगितलं, की लातूरच्या एका मेसचं जेवण आहे. 'माझ्या बहिणीची मेस' हे शब्द तोंडाशी आले होते. तिनं ते का गिळले, ते फक्त तिला ठाऊक होतं.

मागच्या खोलीत पातेली लागली. येसराची आमटी, भरली वांगी, भाकरी, शेंगपोळ्या. सुकन्याची संशोधनातली मैत्रीण इकरा मदतीला आली होती. तिनं जगदेवीला सलाम केला आणि झाकण उघडून वास घेतला.

"अक्का, तू इथंच थांब," सुकन्या म्हणाली. "आत सगळं कंटाळवाणं असतं. पडद्यावर आकडे दाखवायचे, त्यांनी विचारायचं, मी सांगायचं. तासभर जाईल."

"बरं," जगदेवी म्हणाली.

प्रबंधाचा विषय होता भूकंपानंतरचं पुनर्वसन धोरण आणि मुलींचं शालेय शिक्षण. त्र्याण्णवच्या भूकंपात गावं पडली, लोक पत्र्यांच्या शेडमध्ये राहायला गेले, शेडमध्येच शाळा भरू लागल्या. सरकारी कागदावर शाळा बंद पडल्याच नव्हत्या. तरी पाचवी-सातवीतल्या मुली मोठ्या संख्येनं गळाल्या. त्या का गळाल्या, हे शोधायला सुकन्या चार वर्षं निलंगा आणि औसा तालुक्यांतल्या गावांतून फिरली होती. बायांच्या चुलीपाशी बसली, शेताच्या बांधावर बसली. तिचं उत्तर सोपं होतं आणि तिच्याआधी कुणी ते नीट मांडलं नव्हतं: वस्तीत शाळा होती, पण बालवाडी नव्हती. ज्या घरात आई गेली, त्या घरात लहानग्यांना सांभाळायला मोठी मुलगी घरी राहिली.

या सगळ्यात एक गोष्ट तिनं सविस्तर लिहिली होती. तिनं त्या बाईला 'शांता' असं नाव दिलं होतं. शांताची आई भूकंपात गेली. शांता सातवीत होती. धाकटं भावंड कडेवर घेऊन ती शेडमधल्या वर्गात जायची. ते भावंड फळ्याजवळ जाऊन खडू खायचं, एकदा तर मास्तरांच्या पिशवीत मुतलं. मग मास्तर म्हणाले, मूल घेऊन वर्गात बसायचं नाही. वडिलांनी शांताची शाळा बंद केली, कारण मुलाला सांभाळायला घरात कुणी नव्हतं.

पिशवीचा किस्सा जगदेवीचा होता. दर दिवाळीला ती तो सांगायची आणि सांगता सांगता हसून तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. खडू खाणारं ते भावंड म्हणजे सुकन्या.

लिहायला बसली तेव्हा 'धाकटी बहीण' या शब्दांपाशी सुकन्या अडली होती. दोन दिवस ते वाक्य पुढं सरकेना. एका दुपारी तिनं 'बहीण' खोडून 'भाऊ' लिहिलं आणि मग मजकूर भराभर वाहू लागला. मुलासाठी मुलीला घरी बसवणाऱ्या बापाचा राग करणं सोपं होतं. तो राग तिच्या लिहिण्यात असा उतरला, की शेवाळे सर म्हणाले, "मॅडम, हे तुमच्या प्रबंधाचं काळीज आहे." तेव्हापासून ते पान काढायची सोय उरली नाही.

हॉल भरला होता. बाहेरच्या परीक्षक कुलथे मॅडम सोलापूरकडून आल्या होत्या. साठीच्या, बारीक चणीच्या, आवाज मऊ पण प्रश्न टोकदार. सुकन्यानं पडद्यावर तक्ते दाखवले. आपला विषय तिला येत होता. चार वर्षांत तो तिच्या अंगात भिनला होता.

शांताचं पान पडद्यावर आलं आणि तेवढ्यात मागचं दार हळूच वाजलं. हिरवी इरकल शेवटच्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवर येऊन बसली. ओले हात पदराला पुसत होती.

सुकन्याला वाटलं, हे पान न वाचताच पुढं जावं. पण कुलथे मॅडमच म्हणाल्या, "इथं थांबा. हे सगळ्यांना वाचून दाखवा. मला हे फार आवडलंय."

तिनं वाचलं. शेड आलं, खडू आला, पिशवी आली. पिशवीपाशी हॉलमध्ये कुणीतरी खुदकन हसलं. मग वडील आले, आणि भाऊ आला, आणि हसू थांबलं. पुढच्या रांगेतल्या एका प्राध्यापिकेनं चक् चक् केलं. सुकन्यानं मान वर केली नाही.

"मुलासाठी मुलीचा बळी," कुलथे मॅडम म्हणाल्या. "शतकानुशतकं चालत आलेलं. भूकंपानं फक्त निमित्त दिलं. बरं, मला सांगा, या बाईंना तुम्ही हे लिहिलेलं वाचून दाखवलंत का? हल्ली मी प्रत्येकाला विचारते. लोकांचं आयुष्य आपण उचलून आणतो, त्यांना पत्ताही नसतो."

"हो मॅडम," सुकन्या म्हणाली.

"काय म्हणाल्या त्या?"

सुकन्यानं एक क्षण टेबलाच्या कडेकडं पाहिलं.

"रडल्या," ती म्हणाली.

कुलथे मॅडमनी चष्मा काढून पुसला.

"आणि तो भाऊ? तो शिकला का पुढं?"

"शिकला. नोकरीला आहे."

"त्याला जाणीव आहे याची?"

"असावी," सुकन्या म्हणाली.

पुढचे प्रश्न धोरणाचे होते, त्यांची उत्तरं तिनं चांगली दिली. शेवटी अध्यक्षांनी उभं राहून सांगितलं, की परीक्षक समाधानी असून पदवीची शिफारस करण्यात येत आहे. टाळ्या वाजल्या. शेवाळे सरांनी पुष्पगुच्छ दिला. सुकन्यानं मागं पाहिलं तेव्हा कडेची खुर्ची रिकामी होती.

जेवणं शेजारच्या खोलीत होती. जगदेवी पदर खोचून वाढत होती, इकरा पाणी देत होती. कुलथे मॅडमनी आमटीचा घास घेतला आणि थांबल्या.

"हे कुणी केलंय? असं येसर मी माझ्या आजोळी खाल्लं होतं."

"लातूरची मेस आहे," शेवाळे सर म्हणाले. "सुकन्या मॅडमनी सांगितलं होतं."

"तुम्हीच का त्या?" मॅडमनी जगदेवीकडं पाहिलं. "मूळच्या लातूरच्याच?"

"न्हाई, निलंग्याकडच्या," जगदेवी म्हणाली.

"म्हणजे भूकंप पाहिलाय तुम्ही."

"पाहिला की."

"किती शिकलात?"

"सातवीत होते तवा. मग सुटली."

कुलथे मॅडम सुकन्याकडं वळल्या. तिच्या हातात ताट होतं, त्यातलं तिनं काही खाल्लं नव्हतं. "पाहिलंत? ही आणखी एक शांता. आपल्या ताटात वाढतेय आणि आपण प्रबंध लिहितोय."

इकरानं पाण्याचा जग टेबलावर ठेवला आणि सुकन्याकडं पाहिलं. तिच्या नजरेत काही आरोप नव्हता, ती फक्त वाट बघत होती. जगदेवीही थांबली होती. तिच्या हातातल्या पळीतून आमटीचा थेंब पातेल्यात पडला, दुसरा पडला. एवढंच म्हणायचं होतं, मॅडम, ही माझी अक्का. तीन शब्दांचं काम. सुकन्याचे ओठ हललेसुद्धा.

"भाकरी घ्या ना मॅडम," ती म्हणाली.

जगदेवीनं पळी पातेल्यात ठेवली, टोपलीतून एक भाकरी काढून मॅडमच्या ताटात वाढली आणि पुढच्या माणसाकडं सरकली.

रिकामी पातेली घेऊन टेम्पो परत निघाला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. सुकन्याही सोबत निघाली. मेसच्या पोरी तिचा सत्कार करणार, असं आधीच ठरलेलं. तिघं पुढच्या सीटवर दाटीनं बसले, मधे जगदेवी. खाजाभाईनं विचारलं, "पास झाल्या ना ताई?" जगदेवी म्हणाली, "झाली." मग लोह्यापर्यंत मागं पातेली एकमेकांवर आपटत होती.

लोह्यात खाजाभाईनं चहाच्या हॉटेलासमोर गाडी थांबवली. दोन कप चहा आणून त्यांच्या हातात दिला आणि स्वतः उगाच टायरला लाथ मारून बघत लांब जाऊन उभा राहिला. गाडीतलं काहीतरी बिघडलं आहे, हे त्याला कळलं होतं, फक्त ते इंजिनातलं नव्हतं.

"भाऊ कुठनं आणलास गं?" जगदेवीनं विचारलं. आवाज नेहमीचाच होता.

"संशोधनात माणसाची ओळख लपवावी लागते, अक्का. नाव बदलतात, गाव बदलतात..."

"माझं नाव बदललंस ते बरं केलंस. शांता चांगलं नाव हाय. पर तू भाऊ कामून झालीस?"

सुकन्यानं कप दोन्ही हातांत धरला.

"आन् मी रडले कवा?" जगदेवी म्हणाली. "तू बोललीस तवा मी मागंच बसले होते की. डोळं कोरडं होतं माझं. तुला दिसलं असंल."

"अक्का, मी चुकले."

"थांब जरा. मला बोलू दे. मला एवढं बोलायला येत न्हाई, मधी तोडलंस तर इसरून जाईन." तिनं कप डॅशबोर्डवर ठेवला. "पिशवीचा किस्सा सांगितलास, लोकं हासले. मला बरं वाटलं. म्हणलं, बग, आपली गोष्ट हितं नांदेडात सांगायलीत. मग तू म्हणलीस, बापानं काढली शाळेतनं. त्या पुढच्या बाईनं चक् केलं. आप्पाला केलं गं तिनं ते. आपल्या आप्पाला."

"मला आठवत नाही अक्का तेव्हाचं. मी चार वर्षांची होते."

"न्हाई ना आठवत? मग इचारायचं. लोकांच्या बाया इचारत गावोगाव हिंडलीस, मी येका फोनावर होते." ती थांबली. रस्त्यावरून एक एस.टी. गेली, धूळ बसेपर्यंत तिनं पदर नाकाला लावला. "आप्पानं मला फोकानं हाणलंय, शाळंत जा म्हणून. अव्वा भूकंपात जाऊन म्हैना झाला नव्हता. रोज सकाळी मला वर्गापतोर सोडून यायचा. म्हणायचा, धाकटीला मी बगतो, रोजगार बुडाला तर बुडू दे. आन् तू? तू त्याच्यापाशी थांबतच नव्हतीस. पत्र्यावर कावळा बसला तरी किंचाळायचीस. तुझा आवाज वर्गात यायचा. मग मी मागच्या बाजूनं पळून यायची. आप्पानं किती दिवस मारावं? येक दिवस फोक टाकून दिला आन् तिथंच बसून राहिला. मरताना बी म्हणला, जगे, तू माझं ऐकलं न्हाईस."

सुकन्या रडू लागली होती. जगदेवीनं तिच्याकडं पाहिलं नाही, समोर पाहत राहिली.

"माझं काय पाहिजे ते लिही. शांता लिही, कांता लिही. ती बाई जेवताना बोलली तवा मी पळी धरून हुबी व्हते, वाटलं आता तू..." तिनं ते वाक्य सोडून दिलं. "जाऊ दे. पर आप्पाला नीट कर. तो येऊन सांगणार न्हाई."

खाजाभाई कप न्यायला आला. त्यानं गाडी सुरू केली आणि रेडिओ लावला. मग पुढं अहमदपूरपर्यंत तो नाट्यगीतं, बाजारभाव, जे लागेल ते ऐकवत राहिला.

लातुरात मेसच्या दारात पोरींनी रांगोळी काढली होती. व्यंकटीनं पेढे आणले होते. गळ्यात ओळखपत्रं लटकवलेल्या वीस-पंचवीस पोरी ओरडल्या, "डॉक्टर ताई! डॉक्टर ताई!" एकीनं हार घातला. फोटो काढताना त्यांना अक्का शेजारी हवी होती. जगदेवी आली, उभी राहिली, आणि सगळ्यांदेखत तिनं सुकन्याच्या तोंडात पेढा घातला. हसली. हसू खोटं नव्हतं. मग जगदेवी आत गेली, कारण संध्याकाळच्या भाकरी व्हायच्या होत्या.

दोन दिवसांनी सुकन्या शेवाळे सरांच्या केबिनमध्ये गेली आणि सगळं सांगितलं. सर आधी हसले, मग चिडले.

"नाव बदलतात तसं नातं बदललंत, त्यात काय एवढं? आणि निकाल लागल्यावर कशाला उकरून काढताय?"

"सर, निष्कर्ष त्याच्यावर उभा आहे. वडिलांनी काढलं नव्हतं. आणि तिला वाचून दाखवलं, असं मी खोटंच सांगितलं."

"कुणाला कळणारेय?"

"मॅडमच्या ताटात भाकरी वाढणारीच शांता होती, सर."

शेवाळे सर बराच वेळ पेन उघडत-मिटत राहिले. वाईट माणूस नव्हते ते. त्यांच्या हाताखालच्या पाच जणांचे प्रबंध अडकलेले होते, त्यांना आणखी एक अडकायला नको होता. "मग तुम्हीच फोन करा मॅडमना," ते म्हणाले. "मला नाही जमणार."

कुलथे मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या फक्त म्हणाल्या, "आणखी एक शांता म्हणाले ना मी त्यांना? त्यांच्यासमोर?"

"हो मॅडम."

"आणि तुम्ही मला भाकरी घ्या म्हणालात."

"हो."

"लेखी कळवा विद्यापीठाला," त्या म्हणाल्या. "तो भाग काढा, किंवा खरा लिहा. पुन्हा तपासायचा तर मीच तपासेन."

पदवी थांबली. समिती बसली, तिची तारीख दोनदा पुढं गेली. विभागात सुकन्या आली की चहाच्या टेबलावरचा विषय बदलायचा. ज्या बी.एड. कॉलेजात ती तासांवर शिकवत होती, तिथं कायम जागेची मुलाखत पावसाळ्यात झाली. पदवी हातात नव्हती म्हणून तिला बोलावणंच आलं नाही. जागा दुसऱ्याला मिळाली. तिला वाईट वाटलं, आणि त्या वाईट वाटण्यात थोडं हलकंही वाटलं, आणि त्या हलकेपणाचीही तिला लाज वाटली. आपलं नुकसान झालं म्हणजे अक्काचं काही भरून निघालं, असा हिशोब कुठंतरी आपल्या मनात चालला आहे, हे तिच्या लक्षात आलं होतं.

अक्काला तिनं नोकरीचं सांगितलं नाही. ते इकराकडून कळलं. जगदेवीचा फोन आला, "तुला आप्पाला नीट कर म्हणलं होतं, सोताचं वाटोळं कर म्हणलं नव्हतं." आणि थोड्या वेळानं, "ये मग. काय इचारायचं ते इचारून जा."

सुकन्या थंडीच्या दिवसांत लातूरला गेली. दुपारची वेळ होती. पोरी क्लासमध्ये टेस्ट द्यायला गेल्या होत्या, जेवणाच्या लांब टेबलांवर ऊन पडलं होतं. व्यंकटी गॅसची टाकी आणायला गेला होता. जगदेवीनं मोठा कुकर चढवला, हात धुतले आणि सुकन्यासमोर येऊन बसली. इतर बायांना विचारायची तसंच विचारायचं, असं सुकन्यानं ठरवलं होतं. तिनं फोन रेकॉर्डिंगला लावून मधे ठेवला.

"पूर्ण नाव?"

"तुला ठाव न्हाई व्हय?" जगदेवी हसली. मग फोनकडं बघून तिनं पदर खांद्यावर सारखा केला, पाठ सरळ केली. "जगदेवी सिद्धराम बिराजदार."

"लग्नानंतरचं..."

"शाळेचं चाललंय ना? शाळेत ह्येच होतं."

सुकन्यानं विचारलं, जगदेवीनं सांगितलं. शेडमध्ये किती घरं होती, पाणी कुठून यायचं, मास्तर कोण होते. आप्पा सकाळी कसा सोडायला यायचा. सुकन्यानं कधी न विचारलेला प्रश्न कागदावर शेवटी होता. इतर बायांना तिनं तो सहज विचारला होता.

"शाळा आवडायची का तुला, अक्का?"

जगदेवीनं टेबलावरची मिठाची वाटी थोडी बाजूला सरकवली.

"सुटल्यावर बी मी जायची," ती म्हणाली. "रोज न्हाई. तुला कडेवर घ्यायची आन् शेडच्या मागं जाऊन हुबी राहायची. तिथं पत्र्याला भोक होतं, आतलं आयकू यायचं. मास्तर हजेरी घ्यायचे. माझं नाव काढलं नव्हतं त्यांनी, लई दिवस घेत होते. जगदेवी सिद्धराम. आत कुणी बोलायचं न्हाई. मी भाईर हळूच म्हणायची, हजर. तू माझ्या तोंडावर हात ठेवायचीस."

कुकरची शिट्टी झाली.

"मग येक दिवस माझ्या वरच्या पोरीचं नाव आलं, आन् येकदम माझ्या खालच्या पोरीचं. मी थांबले जरा. म्हणलं, इसरले असतील, मागनं घेतील." ती उठली, गॅस बारीक केला, आणि ओट्याकडं तोंड करून म्हणाली, "पोरी येतील आता. कणीक मळायची हाय."

परातीत पीठ पडल्याचा आवाज आला. टेबलावर फोन चालूच होता. तो बंद करायला सुकन्यानं हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला. मग ती उठली, नळाखाली हात धुतले आणि परातीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिली. जगदेवीनं निम्मं पीठ तिच्याकडं सारलं.